लांब हाताचा स्टेपलर : यंत्र झकास, पट्टी भिकार

किती कागद टोचतो, पिन कुठली लागते हे खोक्यावर लिहिलेलं असतं, ते परत सांगत नाही. अब्दुल रहमान स्ट्रीटवरून हजाराच्या थोडे वर मोजून उन्हाळ्यात घेतला, आता दिवाळी उलटली. मे महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. बरं झालं राहून गेलं.

आधी कौतुक. आम्ही तिघी मिळून झीन, म्हणजे घरीच छापलेला छोटा अंक, काढतो. बत्तीस पानी, ए४ कागद मधोमध दुमडून, पाठपोट प्रिंट घरच्या लेझरवर. अडायचं ते सेंटर पिनला. ए४ची घडी कडेपासून १४८.५ मिलिमीटरवर येते आणि साध्या स्टेपलरचा जबडा तिथवर पोचतच नाही. मग जबडा उघडायचा, खाली खोडरबर ठेवून पिन टोचायची आणि तिचे पाय चमच्याने वाकवत बसायचं. एका प्रतीला दोन पिना. अंगठ्याचे हाल विचारू नका. गिरगावातला बाइंडर हे काम छान करतो, पण लग्नसराईत त्याला आमच्या पन्नास प्रती दिसत नाहीत, आणि पैसे लावतो शंभर प्रतींचे.

हा स्टेपलर आला आणि एका संध्याकाळी अख्खा अंक टोचून झाला. २४/६ची साधी पिन, आठ कागद आणि वर जाड कव्हर, तरी पाय आतून सपाट बसतात. (पिना मात्र बऱ्यातल्या घ्या. मुंबईच्या पावसात स्वस्तातल्या पिना गंजतात आणि मधल्या पानावर तांबूस डाग पाडतात.)

आता ती पट्टी. कागद जिला टेकवायचा ती मागची सरकती पट्टी एका प्लास्टिकच्या डोक्याच्या स्क्रूने आवळलेली असते. दर प्रतीला तिला बारीकसा धक्का बसतो. पहिल्या वीसेक प्रतींना काही कळत नाही, मग पिन घडीवरून उतरायला लागते. एक-दोन मिलिमीटर. एवढ्यासाठी काय रडायचं? घडी मधोमध घातली तर पिन मागच्या कव्हरवर दिसते. पिनेवर घातली तर कागदाची एक बाजू लांब राहते. एकात एक घातलेले आठ कागद, त्यात मधली पानं तशीही बाहेर येतात, त्यावर ही भर. आणि कागद वाचवायला आम्ही समास ठेवतो बेताचा. कटिंगवाल्याचं पातं बाहेर आलेलं सगळं खातं. पावसाळी अंकात मधल्या पानावरच्या कवितेची शेवटची ओळ ‘मी येणार नाही’ होती. कापून आली ती ‘मी येणार ना’. कवयित्री नागपूरची. तिला बदली प्रत धाडायची तर स्पीड पोस्ट आमच्या चाळीस रुपयांच्या अंकाहून महाग!

दुकानदार म्हणाला, “ताई, स्टेपलरला कसली वॉरंटी?” कंपनीच्या माणसाने बिल मागितलं, मग व्हिडिओ मागितला, आणि तो बघून म्हणाला, “मॅडम, पिन तर बरोबर लागतेय.” म्हटलं, अहो, पट्टी सरकतेय. “सरकती पट्टीच आहे ना ती.” नुसता स्क्रू विकत द्या म्हटलं तर सुटे भाग मिळत नाहीत, नवा घ्या. पाच रुपयांच्या स्क्रूपायी हजार रुपये? त्या दिवशी एक तारासुद्धा जास्त वाटत होता. कवी दिलीप चित्रे-अरुण कोलटकरांनी ‘शब्द’ हा त्यांचा छोटेखानी अंक सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या जुन्या यंत्रावर काढला, असं एक मित्र अशा वेळी हटकून ऐकवतो. काढला असेल, पण ही पट्टी त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

गणपतीत मैत्रिणीच्या बाबांनी मखराच्या उरलेल्या प्लायवर स्टेपलर पक्का बसवला आणि पिनेपासून बरोब्बर १४८.५ मिलिमीटरवर लाकडाची आडवी चीप ठोकली. कंपनीची पट्टी कागदाला दोन बोटं टेकू देते, ही अख्ख्या रुंदीला देते, त्यामुळे कागद तिरका जायचीही सोय नाही. दिवाळी अंकाच्या सगळ्या प्रती एकदम सरळ. कटिंगवाल्याने स्वतःहून विचारलं, पिन कुठून मारून आणली? म्हणजे यंत्रात खोट नव्हतीच, म्हणून एकावरून तिनावर येते. वरचे दोन कापले ते त्या “सरकती पट्टीच आहे ना”साठी.

आता ए३ दुमडून मोठा अंक काढायचं घाटतंय, त्याला २१० मिलिमीटरवर दुसरी चीप लागेल. तुम्ही घेणार असाल तर ऑनलाइन मागवू नका. दुकानात उभं राहून स्क्रू आवळा, पट्टी अंगठ्याने जोरात रेटा, आणि सरकली तर पुढचा खोका उघडायला लावा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.