तिसऱ्या मात्रेवर किक नाही: सिंकोपेशनचा रियाज मोजून, बोलून की क्लिक सरकवून?

ड्रम शिकणाऱ्याचं गाडं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं. साधा रॉक बीट बसलेला असतो, हातपाय एकमेकांपासून बऱ्यापैकी सुटलेले असतात, आणि मग समोर असा ग्रूव्ह (ठेका) येतो की किक, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा ठोका, जिथे पडायला हवी असं वाटतं तिथे ती नसतेच. ठोका मात्रेवर न पडता तिच्या आगेमागे पडणं, हेच सिंकोपेशन. पाय हट्टाने मात्रेकडे ओढ घेतो. यावर तीन उपाय सांगितले जातात: मात्रेचे चार भाग ‘वन ई अँड अ’ असे मोजत वाजवा, तकिट-तकधिमि म्हणत वाजवा, नाहीतर मेट्रोनोमची (ठरलेल्या वेगाने टकटक करणाऱ्या यंत्राची) क्लिक मात्रेवरून सरकवा. ज्याला जो लागू पडला तो त्याचीच बाजू घेतो. म्हणून तिन्ही उपाय एकाच ग्रूव्हला लावून बघू.

टेम्पो ८०, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा. बारमध्ये (एका आवर्तनात) चार मात्रा, प्रत्येक मात्रेचे चार भाग, म्हणजे एकूण १६ घरं. ● म्हणजे ठोका, – म्हणजे रिकामं घर. हायहॅट म्हणजे पेडलवरची झांजांची जोडी, स्नेअर म्हणजे हाताने वाजणारा खणखणीत ड्रम.

हायहॅट: ● – ● – | ● – ● – | ● – ● – | ● – ● –
स्नेअर: – – – – | ● – – – | – – – – | ● – – –
किक: ● – – ● | – – – ● | – – ● – | – – – –

किक १, ४, ८ आणि ११ व्या घरात आहे. तिसरी मात्रा ९ व्या घरात येते आणि तिथे पाय गप्प आहे, फक्त हायहॅट वाजतो. सगळी गंमत आणि सगळा त्रास त्या गप्प घराच्या आसपास आहे. हायहॅट विषम घरांत वाजतो, तर ४ आणि ८ ही सम घरं. तिथे हाताचा आधार नसतो, पायाला एकट्याने पडायचं असतं.

चुका होतात त्या तीन. पहिली, पायाबरोबर उजवा हातही पडतो आणि ४ थ्या घरात एक फालतू हायहॅट वाजतो. दुसरी, ४ ची किक उशिरा येऊन ५ च्या स्नेअरला चिकटते, फ्लॅमसारखा (दोन ठोके जवळजवळ एकत्र पडल्यासारखा) ‘फ्रड’ आवाज येतो. तिसरी चूक सगळ्यात लबाड: ८ ची किक हळूच ९ वर सरकते. ऐकायला बरं वाटतं, कारण तो साधा रॉक बीट होऊन बसतो, आणि वाजवणाऱ्याला वाटतं की जमलं. खालचे तीन उपाय तोलताना मुख्य प्रश्न हाच, की ही तिसरी चूक कोण पकडतं आणि कोण झाकतं.

मोजून

ग्रेडच्या परीक्षा देणारे याच वाटेने जातात आणि ते बरोबरही आहे. नोटेशन वाचायचं तर प्रत्येक घराला नाव हवं. टेड रीड यांचं १९५८ चं सिंकोपेशनचं पुस्तक आजही क्लासमध्ये उघडलं जातं ते याच कारणाने: एकच ओळ वाचायची आणि ती कधी स्नेअरवर, कधी किकवर फिरवायची. बँडमध्ये बोलायलाही हीच भाषा लागते. बेसवाल्याला ‘तिसऱ्याच्या अँडवर’ म्हटलं की तो लगेच ११ व्या घरावर बोट ठेवतो.

बसवण्याचा क्रम असा. टेम्पो ५० ला आणा. आधी फक्त हायहॅट आणि तोंडाने सगळी सोळा घरं, चार बार. मग ५ आणि १३ वर स्नेअर. मग एकेक किक: पहिली १, मग ११, मग ८, शेवटी ४. ११ लवकर घ्यायची कारण ती हायहॅटबरोबर पडते. ४ शेवटी घ्यायची कारण तिच्या पुढच्याच घरात स्नेअर आहे आणि चिकटण्याची भीती तिथेच जास्त. नवीन किक चार बार सलग बरोबर पडल्याशिवाय पुढची घ्यायची नाही.

आता दोष. ‘ई’, ‘अँड’, ‘अ’ हे तिन्ही स्वरांनी सुरू होतात, त्यांना धार नाही. ‘अँड’ शेवटच्या ‘न्ड’मुळे लांबतो आणि मागचा ‘अ’ गिळला जातो. आपल्या ग्रूव्हमध्ये ४ आणि ८ ही दोन्ही घरं नेमकी ‘अ’ची आहेत. तोंडात जे घर पुसट, ते पायातही पुसट. दुसरी गोष्ट, बरेच जण जिथे ठोका आहे तेवढंच मोठ्याने म्हणतात आणि रिकाम्या घरांवरून उडी मारतात. मग मोजणं म्हणजे नुसतं वाजवलेल्याचं भाषांतर. ८ ची किक ९ वर गेली तर तोंडही आपोआप ‘थ्री’ म्हणतं आणि चूक झाकली जाते. टेम्पो ११०-१२० च्या पुढे गेला की जीभ तशीही सोळा घरं पुरवू शकत नाही.

बोलून

दोन ठोक्यांमधलं अंतर मोजा. १ ते ४ तीन घरं, ४ ते ८ चार, ८ ते ११ तीन, ११ ते १३ च्या स्नेअरपर्यंत दोन, आणि तिथून पुढच्या बारपर्यंत चार. म्हणजे ३+४+३+२+४, बेरीज १६. कोन्नकोलच्या (तोंडाने ताल म्हणण्याच्या कर्नाटक पद्धतीच्या) बोलांत:

तकिट तकधिमि तकिट तक तकधिमि

प्रत्येक गटाचं पहिलं अक्षर म्हणजे ठोका; पहिले चार किकचे, पाचवा स्नेअरचा. राहिलेला ५ चा स्नेअर पहिल्या ‘तकधिमि’च्या ‘क’वर येतो. ‘त’, ‘क’, ‘ध’, ‘ट’ ही धारदार व्यंजनं आहेत, त्यामुळे घराची कड ऐकू येते. अर्ध्या तासाच्या आत हा बोल तोंडात बसतो आणि पाय त्याच्या मागे येतो. किकच्या सिंकोपेशनसाठी याहून झटपट रस्ता नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. तबला शिकलेल्याने किंवा ढोलकीला हात लावलेल्याने तर मोजत बसण्यात वेळ घालवूच नये.

पण फसतं ते असं. गटाचं पहिलं अक्षर जोराने म्हणता म्हणता तेच मात्रा वाटायला लागतं. मूळ चार मात्रा विरून जातात आणि हातात उरतो ३-४-३-२-४ असा लंगडत चालणारा ठेका. ठोके सगळे बरोबर जागी, पण ज्याच्या विरुद्ध ते पडायला हवेत ती मात्राच गायब. मात्रा जाणवत नसेल तर ते सिंकोपेशन राहतच नाही.

यावर औषध घरचंच आहे. एवढ्यापुरती प्रत्येक घराला एक मात्रा धरा आणि बोल म्हणताना हाताने सोळा मात्रांचा तीनताल दाखवा: १, ५, १३ वर टाळी, ९ वर ‘खाली’, म्हणजे हात हवेत वळवायचा. ‘खाली’ जिथे येते तिथेच आपली किक गप्प आहे. हवेत वळणारा हात आणि न पडलेला पाय एकाच क्षणी जाणवले की ९ वं घर रिकामं ठेवायचं म्हणजे काय हे शरीराला कळतं. बोल आणि टाळी दोन्ही न अडखळता दहा आवर्तनं झाली की मगच किटवर बसा. तिथे टाळीचं काम डाव्या पायाला द्या: हायहॅटचं पेडल १, ५, ९, १३ वर दाबा आणि उजवा हात तेवढ्यापुरता राइड झांजेवर न्या. नाहीतर डावा पाय हायहॅट उघडणार आणि उजवा हात त्यावरच वाजवणार, नुसता गोंधळ.

एका ठिकाणी मात्र बोल मागे पडतात. १९६७ च्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये जेम्स ब्राउन यांचे ड्रमर क्लाइड स्टबलफिल्ड यांनी चौथ्या मात्रेचा स्नेअर अर्धी मात्रा पुढे ढकलला, म्हणजे १३ ऐवजी १५ व्या घरात. अशा सरकवलेल्या बॅकबीटला (दुसऱ्या-चौथ्या मात्रेच्या स्नेअरला) बोलांचे गट फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण तिथे अंतराची आकृती नवी नसते, सवयीची जागा बदललेली असते. ‘फोर ई अँड’ मोजून ‘अँड’वर हात टाकणं तिथे सोपं.

क्लिक सरकवून

हा उपाय शिकवत नाही, तपासतो. ग्रूव्ह मोजून किंवा बोलून बसल्यावरच याच्या वाटेला जावं. आधी गेलात तर नुसती चिडचिड.

पायऱ्या चार. पहिली, क्लिक चारही मात्रांवर, ८० ला. दुसरी, मेट्रोनोम ४० वर ठेवा आणि ती क्लिक दुसरी आणि चौथी मात्रा समजा. ती स्नेअरवर पडायला हवी. तिसरी, पुन्हा ८० ला आणा, पण क्लिक म्हणजे प्रत्येक मात्रेचं शेवटचं घर समजा: ४, ८, १२, १६. सुरुवात करताना क्लिकवर ‘मि’ म्हणा आणि पुढचे ‘तकधि’ स्वतः भरा, चार-पाच वेळा, मग ‘त’वर वाजवायला लागा. चौथी, दोन बार क्लिक आणि दोन बार शांतता. फोनवरच्या बऱ्याच मेट्रोनोम ॲपमध्ये ही सोय असते.

तिसऱ्या पायरीवर ४ आणि ८ च्या किक थेट क्लिकवर पडतात. ८ ची किक ९ वर सरकली की क्लिक तिच्या आधी उघडीनागडी ऐकू येते. ८० च्या टेम्पोला एक घर सुमारे १८७ मिलिसेकंदांचं असतं, एवढा फरक नवख्या कानालाही लपत नाही. लबाड चूक पकडावी ती इथेच.

नेहमीची पडझड म्हणजे पाच-सहा बारनंतर कान क्लिकला पकडून ‘हीच मात्रा’ म्हणतो आणि सगळा ग्रूव्ह एक घर सरकतो. वाजवणाऱ्याला पत्ता लागत नाही. ओळखण्याची खूण: सरकल्यावर १ ची किक क्लिकवर यायला लागते, जी तिथे कधीच यायला नको. तसं झालं की थांबा, वाजवता वाजवता दुरुस्त करू नका. टेम्पो ६० वर आणून पुन्हा ‘मि’पासून सुरू करा.

गाण्याबरोबर वाजवण्याचा चौथा पर्यायही लोक सांगतात. मजा येते, थकवा कळत नाही, पण मूळ रेकॉर्डिंगमधला ड्रमर तुमच्या चुका स्वतःच्या ठोक्याखाली घेतो. ड्रम काढलेले ट्रॅक मिळाले तर ठीक.

रियाज कशावर करायचा

हे थोडक्यात, कारण इथे निवड बहुधा शेजारी करतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ दरम्यान ४५ डेसिबलची मर्यादा आहे. अकूस्टिक किट १०० च्या वर सहज जातो. फ्लॅटमध्ये तो म्हणजे वर्षभराची भांडणं.

रबरी पॅड स्वस्त आणि शांत, घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारा ठोका) आणि ॲक्सेंट (जोराचा ठोका) यांतला फरक घोटायला उत्तम: घोस्टला काठी दोन-तीन सेंटिमीटरच उचला, ॲक्सेंटला वीस-पंचवीस. पण आपला सगळा झगडा हात आणि पाय यांच्यातला. पॅडवर पाय नुसता जमिनीवर आपटला जातो, पेडलचा परतीचा धक्का मिळत नाही, आणि ४ ची किक ५ ला चिकटते का हे ऐकूच येत नाही. एकट्या पॅडवर सिंकोपेशन बसत नाही.

इलेक्ट्रॉनिक किट हा शहरातला व्यवहार्य मार्ग. दोन गोष्टी बघा. एक, स्नेअरच्या पॅडची संवेदनशीलता कमी असेल तर मॉड्यूल (आवाज तयार करणारा डबा) घोस्ट नोटा खाऊन टाकतं आणि तुम्ही नकळत जोरात मारायला शिकता. सेटिंगमध्ये थ्रेशोल्ड (ठोका नोंदायची किमान पातळी) खाली आणा. दुसरी, किटचा आवाज ब्लूटूथ हेडफोनवर कधीही ऐकू नका. तिथे ठोका आणि आवाज यांत १०० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर होऊ शकतो, म्हणजे ८० च्या टेम्पोला जवळजवळ आख्खं एक घर. ज्या चुकीशी आपण झगडतोय तीच यंत्र तयार करून देतं. वायरचा हेडफोन घ्या. गंमत म्हणजे अकूस्टिक किटवर नुसती क्लिक ब्लूटूथवर ऐकली तर बिघडत नाही, कारण प्रत्येक क्लिक सारखीच उशिरा येते आणि तुम्ही ऐकलेल्या क्लिकलाच वाजवता. किकची धमक मात्र इलेक्ट्रॉनिक किटमध्येही स्लॅबमधून खाली उतरते. पेडलखाली जाड रबरी मॅट हवीच.

मग कोणी काय धरावं

ग्रेडची परीक्षा चार-सहा महिन्यांवर असेल तर मोजणी, दुसरा विचार नको. दर आठवड्याला एक दिवस तीच ओळ बोलांत म्हणून बघा, ‘अ’ची घरं साफ होतील.

ढोलताशा पथकातून आलेल्यांची गोष्ट वेगळी. ताशावाल्याच्या हातात वेग असतो, पण पायाने वाजवण्याचा सराव शून्य. त्याने हात विसरावेत: आठवडाभर फक्त किक आणि तोंडाने बोल, टेम्पो ५०, उजव्या हाताने मांडीवर हायहॅट. काठ्या हातात आल्या की वेगाचा मोह आवरत नाही.

तबलावाल्याने बोलांपासून सुरू करावं आणि दुसऱ्या आठवड्यातच क्लिकच्या तिसऱ्या पायरीवर जावं. त्याचा धोका उलटा आहे: गट इतके सहज येतात की चार मात्रा विसरल्या जातात, आणि बेसवाला बिचारा सम शोधत राहतो.

बँडचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आला असेल आणि हा एकच ग्रूव्ह बसवायचा असेल, तर पहिला आठवडा बोल आणि टाळी, दुसरा किटवर ५० पासून रोज चार-चारने टेम्पो वाढवत ७० च्या पुढे, तिसरा ८० ला, क्लिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. रोज वीस मिनिटं पुरतात. शेवटच्या दोन दिवसांत फोनवर रेकॉर्ड करून फक्त ९ वं घर ऐका. तिथे किक ऐकू आली तर पुन्हा टाळी आणि ‘खाली’ यांवर या.