उलिगामूची परवानगी आणि आमचे पन्नास हजार

कोचीहून यॉटने मालदीवला जायचा बेत असेल, तर निघण्याआधी हे वाचा.

आम्ही तिघे होतो. मी, माझे मेहुणे आणि बोटीवरचा एक जुना सोबती. बोट अडतीस फुटी, बोलगाट्टीच्या मरिनात बांधलेली. घोळ एकाच गोष्टीचा होता, मालदीवमध्ये एंट्री, म्हणजे देशात शिरल्याची सरकारी नोंद, घ्यायची कुठे? उत्तरेकडून जाणाऱ्याला उलिगामू बेट जवळ पडतं, मध्यावर माले, पार दक्षिणेला अड्डूतलं गान बेट. एंट्री झाल्याशिवाय वाटेतल्या कुठल्याही बेटावर पाय ठेवता येत नाही. म्हणजे बंदर चुकलं तर सगळा मार्गच बदलतो.

आम्ही नकाशा पसरून बसलेलो असताना इस्त्रीचा शर्ट घातलेला एक गृहस्थ जेट्टीवर आला. बोलायला गोड. म्हणाला, मालेत हल्ली यॉट घेत नाहीत, उलिगामूच धरा. तिथं माझा माणूस आहे, क्रूझिंग परमिटसकट, म्हणजे बेटांमधून बोट फिरवायच्या परवानगीसकट, सहाशे डॉलर. मालदीवमध्ये यॉटला कागदपत्रं करून देणारा एजंट लागतोच, हेही त्यानं सांगितलं. आणि ते खरंच आहे. खोट्याला असं खऱ्याचं अस्तर लावलं की शिवण दिसत नाही.

पैसे रुपयांत, यूपीआयने. पाठवताना स्क्रीनवर भलत्याच माणसाचं नाव आलं. मेहुणे म्हणाले, "हे कोण हो?" तो म्हणाला, भाचा. मालदीवची फी कोचीतल्या भाच्याच्या खात्यात का जावी, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. संध्याकाळी निळ्या शिक्क्याचं परवानगीपत्र हातात पडलं.

सुमारे दोनशे साठ सागरी मैल. लक्षद्वीपचं मिनिकॉय बेट दूर उजव्या हाताला ठेवून एट डिग्री चॅनेल, म्हणजे मिनिकॉय आणि मालदीवमधला समुद्राचा पट्टा, ओलांडला. वारा चांगला होता, प्रवासाबद्दल तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी उलिगामूला नांगर टाकला, परक्या बंदरात एंट्री मागणारा पिवळा क्यू झेंडा चढवला आणि वाट पाहत बसलो.

अधिकारी छोट्या बोटीतून आले. अगदी सभ्य माणसं. पत्र हातात घेऊन एकानं विचारलं, "तुमचा एजंट कोण?" आम्ही नाव सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या येण्याची आगाऊ वर्दी कुणी दिलेलीच नव्हती. मेहुण्यांनी बोट ओलं करून शिक्क्यावर घासलं. शाई पसरलीच नाही. शिक्का मारलेला नव्हता, रंगीत प्रिंट होती. हे कोचीत करायला दोन सेकंद लागले असते.

कोचीच्या त्या माणसाचा फोन बंद. खराखुरा एजंट गाठेपर्यंत दीड दिवस किनारा नुसता डोळ्यांनी पाहिला, आणि फी पुन्हा भरली. (या एजंटनं बिल आम्ही पोचल्यावर दिलं, आणि वर्दीला आलेल्या उत्तराची प्रत न मागता दाखवली. पहिल्याकडे आम्ही मागायला हवी होती ती हीच.) घरी कळवलं तेव्हा बायकोनं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर चार दिवस उलटले होते आणि खातं रिकामं होतं. समुद्रात रेंज नसते, हे त्या माणसाला आमच्याहून चांगलं ठाऊक असणार.

परत आल्यावर सोबत्यानं दुसऱ्या नंबरवरून त्याला फोन लावला. चक्क लागला. मालदीवला एंट्री कुठे घ्यावी, असं विचारलं.

"उलिगामू सध्या बंद आहे सर," तो म्हणाला. "मालेच धरा. तिथं माझा माणूस आहे."