दातेरी कड्याचे ड्राइव्ह सेंटर: लाटणी आणि खांब कातणाऱ्यांसाठी

लाकडाच्या लेथवर लाटणे, पाळण्याचे दांडे किंवा जिन्याच्या कठड्याचे खांब कातायचे, तर लाकूड दोन्ही टोकांना धरावे लागते: हेडस्टॉककडे (मोटरने फिरणाऱ्या टोकाकडे) त्याला फिरवणारे ड्राइव्ह सेंटर आणि टेलस्टॉककडे (समोरच्या, पुढेमागे सरकणाऱ्या टोकाकडे) त्याच्याबरोबर फिरणारे रिव्हॉल्विंग सेंटर. लेथसोबत सहसा चार पात्यांचे ड्राइव्ह सेंटर मिळते. त्याऐवजी मी एमटी 2 टेपरचे (म्हणजे हेडस्टॉकच्या भोकात बसणाऱ्या, मोर्स टेपर क्रमांक 2 या मापाच्या निमुळत्या दांड्याचे), 22 मि.मी. व्यासाचे दातेरी कड्याचे सेंटर घेतले आणि सागापासून बाभळीपर्यंतच्या लाकडांवर वापरले. शेफील्डच्या रॉबर्ट सॉर्बी कंपनीचे ‘स्टेब सेंटर’ या प्रकारात प्रसिद्ध आहे. माझ्याकडचे त्याच धर्तीचे, पण दुसऱ्या बनावटीचे आहे.

याच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली अणी असते आणि तिच्याभोवती बारीक दात्यांचे कडे. अणी आधी लाकडाच्या मध्यबिंदूत बसते. टेलस्टॉकचे चाक फिरवून दाब वाढवला की ती मागे सरकते आणि दाते लाकडात रुततात. चार पात्यांचे सेंटर मात्र लाकूड लेथवर चढवण्यापूर्वीच लाकडी हातोडीने ठोकून बसवावे लागते, कारण लेथवरच ठोकले तर मार बेअरिंगला बसतो. शिवाय बाभळीसारख्या कठीण लाकडाच्या टोकाला करवतीने खाचा पाडल्याशिवाय ती पाती धरत नाहीत, आणि बारीक तुकड्यात तीच पाती पाचरीसारखी शिरून लाकूड चिरतात.

खरा फरक पटाशी अडकते तेव्हा कळतो. चार पात्यांनी जखडलेले लाकूड थांबू शकत नाही, त्यामुळे मोटरचा सगळा जोर धारेवर येतो आणि मोठी ढलपी तरी उडते किंवा लाकूडच निखळते. दातेरी कड्यावर दाब बेताचा ठेवलेला असेल, तर लाकूड जागीच थांबते आणि कडे त्याच्या टोकावर घसरत राहते. टोकावर एक गोल चरा उमटतो, पण मध्य हलत नाही. दाब थोडा वाढवून काम पुढे चालू करता येते. केवळ एवढ्यासाठी मी नवशिक्याच्या हाती आधी हेच सेंटर देईन. अर्धवट कातलेले लाकूड काढून पुन्हा चढवले, तरी अणी जुन्याच खळगीत बसते, ही सोयही लहान नाही.

सगळे कौशल्य टेलस्टॉकच्या दाबात आहे. मी लेथ सुरू करण्यापूर्वी एका हाताने हेडस्टॉकचे चाक धरतो आणि दुसऱ्या हाताने लाकूड पिळून पाहतो; जोर लावल्यावरच ते घसरले, तर दाब योग्य समजावा. त्याहून जास्त आवळले तर लांब, बारीक दांडा मध्ये वाकतो आणि थरथरून त्याच्यावर मळसूत्रासारख्या रेघा उठतात. अशा दांड्याला टेलस्टॉककडे साठ अंशांच्या शंकूऐवजी कपाच्या आकाराचे टोक असलेले सेंटर लावावे, म्हणजे ते टोक फाकत नाही. लाखकाम करणाऱ्यांनी मात्र लाखेची कांडी टेकवण्यापूर्वी दाब थोडा वाढवून घ्यावा, नाहीतर कांडीच्या घर्षणानेच लाकूड थांबते.

पांगाऱ्यासारख्या मऊ किंवा ओल्या लाकडावर हे सेंटर मला फारसे पसंत पडले नाही. दाते खोल रुतत जातात, त्यांच्यात तंतू भरतात, आणि घसरणारे कडे टोकाला खळगा पाडते, म्हणून चाक पुन्हा पुन्हा आवळत बसावे लागते. टोक काटकोनात कापलेले नसेल तर दाते एकाच बाजूने लागतात. मोठे, ओबडधोबड ओंडके गोल करण्यासाठी मी अजूनही चार पात्यांचेच सेंटर लावतो.

माझ्या नगाच्या बनावटीत दोन उणिवा निघाल्या. टेपरवर कापाची बारीक कोर राहिली होती, त्यामुळे सेंटर हेडस्टॉकमध्ये किंचित डुलत होते; तेलाच्या दगडावर हलकेच घासल्यावर ते सरळ बसले. मोर्स टेपरचा उतार साधारण वीसास एक इतका कमी असतो आणि त्याची पकड निव्वळ घर्षणाची असते, त्यामुळे सेंटर डुलायला एवढीशी कोरही पुरेशी ठरते. दुसरे म्हणजे स्प्रिंगच्या पोकळीत भुसा साचून अणी अडकते आणि मग लाकूड मध्यावर बसत नाही. काम संपल्यावर ती दाबून, फुंकर मारून मोकळी करावी, आणि टेपर कोरड्या फडक्याने पुसावा; त्याला तेल लावू नये.