कोल्हापुरात वाय-फाय कॉलिंग: जाड भिंतींच्या घरात कितपत चालतं?

शिवाजी पेठेतला जुना वाडा, गुजरीतलं तळघरातलं दुकान, उद्यमनगरातली पत्र्याची शेड, राजारामपुरीतल्या इमारतीचा तळमजला. या सगळ्या जागांचं दुखणं एकच. बाहेर गल्लीत चार काड्या रेंज आणि आत आलं की एकही नाही. फोन वाजला की माणूस दाराकडे धावतो, नाहीतर समोरच्याला "आवाज येत न्हाई, बाहेर येतो थांबा" असं सांगत बसतो. यावर वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरातल्या वाय-फायवरून नेहमीचा कॉल करणं, हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. घरात आधीच ब्रॉडबँड असेल तर तो फुकटही आहे. नीट बसवलं तर आवाज रस्त्यावरच्या कॉलपेक्षा स्वच्छ येतो. अडचण एवढीच, की बहुतेक घरांत ते नुसतं चालू केलेलं असतं, नीट बसवलेलं नसतं. मग कॉल तुटले की दोष सेवेला लागतो, आणि खरी चूक राऊटरच्या जागेत असते.

भारतात ही सोय आधी एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली परिसरात आणली, जानेवारी २०२० मध्ये जिओने देशभर. व्हीआयने डिसेंबर २०२० मध्ये सुरुवात केली ती महाराष्ट्र-गोवा आणि कोलकाता या सर्कलपासून (कंपन्यांच्या सेवाविभागांपासून), म्हणजे कोल्हापूरकर पहिल्याच यादीत होते. बीएसएनएल सर्वांत शेवटी आलं. वेगळं ॲप लागत नाही, वेगळा नंबर लागत नाही, जादा पैसेही नाहीत. तुमच्या रिचार्जमधल्या नेहमीच्या कॉलसारखाच हा कॉल मोजला जातो, त्यामुळे रिचार्जची मुदत संपली असेल तर वाय-फाय असूनही फोन लागणार नाही. व्हॉट्सॲप कॉलपेक्षा हे बरं ते एवढ्यासाठी, की समोरच्याकडे इंटरनेट असण्याची गरज नाही. लँडलाइन, बँकेची हेल्पलाइन, गावाकडच्या आजीचा बटणांचा फोन, कुठेही लागतो आणि तिकडे तुमचा नेहमीचाच नंबर दिसतो.

आत काय घडतं ते थोडक्यात कळलं की पुढच्या दुरुस्त्या सोप्या जातात. फोन तुमच्या इंटरनेटवरून कंपनीच्या एका गेटवेपर्यंत, म्हणजे तिच्या नेटवर्कच्या प्रवेशद्वारापर्यंत, बंदिस्त बोगदा तयार करतो, त्याला आयपीसेक म्हणतात. ओळख पटवायला सिमकार्डच वापरलं जातं. या बोगद्याला यूडीपी (इंटरनेटवर डेटा पाठवायची एक पद्धत) या पद्धतीचे ५०० आणि ४५०० हे दोन पोर्ट, म्हणजे क्रमांकाची दारं, लागतात. सगळं एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात बंद, असल्यामुळे लॉजच्या किंवा हॉस्पिटलच्या वाय-फायवरूनही बोलायला हरकत नाही, फक्त तिथलं लॉगिनचं पान आधी पूर्ण करावं लागतं. डेटा म्हणाल तर मिनिटाला दोन्ही बाजू मिळून साधारण एक ते सव्वा एमबी. म्हणजे एका कॉलला प्रत्येक दिशेला १०० केबीपीएससुद्धा पुरे. कॉलिंगसाठी म्हणून प्लॅन वाढवू नका. तीस-चाळीस एमबीपीएसचा सर्वांत खालचा प्लॅन भरपूर झाला.

चालू करायची जागा फोनप्रमाणे बदलते. आयफोनवर सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात फोन, त्यात वाय-फाय कॉलिंग. जुन्या आवृत्तीत सेटिंग्जमधून थेट फोन. सॅमसंगवर फोन ॲपच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज. शाओमी-रेडमीवर सिमकार्ड आणि मोबाईल नेटवर्क, मग सिम निवडून 'मेक कॉल्स युझिंग वाय-फाय'. दोन सिम असतील तर दोन्हींसाठी वेगवेगळं चालू करावं लागतं. हे निम्म्या लोकांच्या लक्षात येत नाही आणि एकच नंबर आत लागतो. त्याच पानावर व्होएलटीई, म्हणजे फोरजी कॉलिंगही चालूच ठेवा. ते का, ते पुढे येईलच.

झालं की खरी परीक्षा घ्या. एअरप्लेन मोड लावा, मग फक्त वाय-फाय चालू करा आणि एक मिनिट थांबा. वर कंपनीच्या नावापुढे 'वाय-फाय' किंवा फोनच्या चिन्हाशेजारी वाय-फायची खूण आली पाहिजे. तसाच एक कॉल करा आणि दुसऱ्या फोनवरून एक घ्या. दोन्ही झाले तर तुमचा फोन, सिम आणि ब्रॉडबँड तिन्ही ठीक आहेत. त्यानंतर जी काही अडचण येईल ती वाय-फायच्या ताकदीची किंवा स्थिरतेची.

पर्यायच दिसत नसेल तर आधी फोनचं सॉफ्टवेअर अपडेट करा आणि रिस्टार्ट करा. परदेशातून आणलेल्या फोनमध्ये भारतीय कंपन्यांच्या सेटिंग्ज नसल्या तर पर्याय लपलेलाच राहतो. शाओमीच्या बऱ्याच मॉडेलवर डायलरमध्ये *#*#८६९४३४#*#* दाबलं की कंपनीची तपासणी बंद होऊन पर्याय उघडतो (हे आकडे कीपॅडवरच्या अक्षरांनुसार 'व्हो-वाय-फाय'चेच आहेत, म्हणून ध्यानात राहतात). पर्याय दिसला म्हणून कॉल लागेलच असं मात्र नाही.

आता राऊटर. या सेवेचं यश-अपयश नव्वद टक्के इथे ठरतं.

पेठांमधल्या जुन्या घरांना काळ्या दगडाचं जोतं आणि वर दीड-दोन फुटांच्या माती-विटांच्या भिंती असतात. या भिंती मोबाईलची रेंज अडवतात तशीच वाय-फायचीही अडवतात. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल अशी एक भिंत कशीबशी ओलांडतो, दुसरीपलीकडे त्याचा भरवसा नाही. २.४ गिगाहर्ट्झ दोन भिंती जातो, पण राजारामपुरीसारख्या दाट वस्तीत शेजाऱ्यांची पंधरा-वीस वाय-फाय त्याच पट्ट्यात भांडत असतात. त्यात स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह चालू झाला की आवाज तुटायला लागतो. म्हणून २.४ साठी चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच एक हाताने ठरवा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको. पाचसाठी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधला चॅनेल घ्या. मधले ५२ च्या पुढचे चॅनेल रडारशी वाटून घ्यावे लागतात. रडारचा संशय आला की राऊटर आपोआप चॅनेल बदलतो आणि चालू कॉल मधेच गप्प होतो.

वायर न टाकता सिग्नल पुढे ढकलणारा स्वस्त रिपीटर घेऊ नका, ही आमची स्पष्ट शिफारस आहे. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्मा होतो. कॉलच्या दृष्टीने त्याहून वाईट म्हणजे उशीर वाढतो आणि अनियमित होतो. त्यापेक्षा मधल्या चौकातून किंवा पोटमाळ्यावरून एक कॅट-६ (नेटवर्कची) केबल मागच्या खोलीपर्यंत न्या आणि तिथे दुसरा साधा ड्युअल-बँड (२.४ आणि ५ दोन्ही पट्टे देणारा) राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा, म्हणजे तो फक्त पहिल्याचंच वाय-फाय पुढे देईल. केबल मीटरला पंचवीस-तीस रुपये, राऊटर दीड ते अडीच हजारांत. जुन्या घरात सुतार-इलेक्ट्रिशियन एका दुपारी हे काम उरकतो. दोन्ही राऊटरना नाव आणि पासवर्ड एकच द्या, चॅनेल वेगवेगळे द्या, आणि दुसऱ्याचा डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या फोनना नेटवर्कवरचा पत्ता वाटणारी सोय, बंद करा. हे शेवटचं विसरलं की फोन कधी या राऊटरचा पत्ता घेतो, कधी त्या, आणि वाय-फाय कॉलिंगची खूण दिवसभर येत-जात राहते.

राऊटर कुठे ठेवायचा याचा एक नियम फारसा कुणी सांगत नाही. कॉल चालू असताना वाय-फाय कमजोर झालं की फोन तो कॉल फोरजी किंवा फाइव्हजीवर सरकवतो. व्होएलटीई बंद असेल, किंवा बाहेर फक्त टूजी मिळत असेल, तर सरकवता येत नाही आणि कॉल कटतो. सरकवायला दोन्ही सिग्नल काही सेकंद एकाच वेळी मिळावे लागतात. वाड्यात नेमका तोच पट्टा कोरडा असतो: सोप्यापर्यंत (ओसरीपर्यंत) येता येता वाय-फाय संपतं आणि रेंज उंबऱ्याबाहेर सुरू होते. मधल्या सहा-सात पावलांत कॉल मरतो. म्हणून वाय-फाय उंबऱ्यापर्यंत, शक्यतो पायरीपर्यंत खणखणीत पोचलं पाहिजे. फोनवर सिग्नल मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या आणि दारात उभं राहून आकडा बघा. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला; उणे ७० डीबीएम किंवा त्याहून चांगला असेल तर निश्चिंत राहा, उणे ८० च्या खाली गेला तर राऊटर पुढे सरकवा. देवघरामागच्या खोलीत इंटरनेट सुसाट आणि दारात कॉल कट, अशी घरं पेठांत कमी नाहीत.

काही फोनवर 'वाय-फाय प्रेफर्ड' की 'मोबाईल प्रेफर्ड' असं विचारतात. आत एखादी काडी रेंज येत असेल तर वाय-फाय निवडा, नाहीतर फोन त्या एका काडीला चिकटून बसतो. याचा फायदा बॅटरीलाही होतो, कारण दूरच्या टॉवरशी बोलताना फोन पूर्ण ताकद लावतो, राऊटर मात्र जवळच असतो.

आवाज अधूनमधून रोबोसारखा येत असेल तर दोष कुठे आहे हे दहा मिनिटांत कळतं. लॅपटॉप वाय-फायवर जोडा, फोन जिथे वापरता तिथेच ठेवा, आणि आधी राऊटरला (बहुधा १९२.१६८.१.१) शंभर पिंग करा (पिंग म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघणारा छोटा संदेश), मग बाहेरच्या ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला शंभर. राऊटरलाच पिंग हरवत असतील किंवा मधेच दोनशे-तीनशे मिलिसेकंद होत असतील, तर दोष घरातल्या वाय-फायचा. राऊटरपर्यंत दोन-चार मिलिसेकंद आणि बाहेर हरवत असतील, तर दोष लाइनचा. तेव्हाच केबलवाल्याला फोन करा आणि हे आकडे त्याला सांगा. हरवलेले पिंग एक टक्क्याहून कमी आणि वेळेतला चढउतार तीस मिलिसेकंदांच्या आत, एवढं असेल तर बोलणं स्वच्छ होतं.

रिकाम्या लाइनवर सगळं ठीक आणि संध्याकाळीच बिघडत असेल तर अपलोड तपासा. क्लाउडवर चित्रण पाठवणारा एक सीसीटीव्ही कॅमेरा सहज एक-दोन एमबीपीएस अपलोड खातो, चार कॅमेरे आणि वर फोटोंचा बॅकअप म्हणजे लाइन तुंबली. राऊटरमध्ये क्यूओएस (कशाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा आणि डब्ल्यूएमएम, म्हणजे वाय-फायवर आवाजाला प्राधान्य देणारी सोय, कधीही बंद करू नका.

दुकानं आणि कारखान्यांची कथा वेगळी. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये पत्रा बाहेरचा सिग्नल अडवतो आणि आतला परतवतो, त्यामुळे आत बसवलेला एकच राऊटर मोठी जागा व्यापतो. वाय-फाय कॉलिंगला इतकी चांगली जागा दुसरी नाही. तिथे अडचण येते ती ऑफिसच्या फायरवॉलची, म्हणजे नको ती वाहतूक अडवणाऱ्या संरक्षणाची: यूडीपी ५०० आणि ४५०० बाहेर जायला मोकळे नसतील तर खूण कधीच दिसणार नाही. राऊटरमध्ये आयपीसेक पासथ्रू (तो बोगदा आरपार जाऊ देणारी सेटिंग) चालू ठेवा. लाइन पीपीपीओई असेल, म्हणजे राऊटरमध्ये युझरनेम-पासवर्ड टाकावा लागत असेल, तर एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार, १४९२ हवा. तो १५०० वर राहिला की मोठी पाकिटं वाटेत अडकतात. ब्राउझिंग चालतं, पण बोगदा बांधला जात नाही.

गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडच्या खोऱ्यांत जिथे एकाच कंपनीची रेंज येते, तिथे एक युक्ती उपयोगी पडते. रेंज असलेल्या फोनचा हॉटस्पॉट लावा, रेंज नसलेला फोन त्यावर जोडा, आणि त्याचे कॉल हॉटस्पॉटवरून चालतात. काही नव्या फोनमध्ये हेच एका फोनच्या दोन सिमांमध्ये 'बॅकअप कॉलिंग' नावाने होतं. गच्चीवर अँटेना लावून टॉवरवरून मिळणारं ब्रॉडबँड, म्हणजे एअरफायबर, असेल तर आतल्या भिंतींचा प्रश्न सुटतो, पण ते त्याच टॉवरवर अवलंबून असतं; टॉवर बंद पडला की दोन्ही गेलं.

ओटीपीची खात्री आधीच करून घ्या. एअरप्लेन मोड आणि वाय-फायवर दुसऱ्या फोनवरून स्वतःला एक एसएमएस पाठवा. आला तर बरं. नाही आला तर बँकेच्या कामाला दारात जावं लागेल हे आधीच ठाऊक राहतं. ११२ हा आपत्कालीन नंबर लावताना मात्र पत्ता तोंडाने पूर्ण सांगा, गल्ली आणि जवळच्या चौकासकट. वाय-फायवरून गेलेल्या कॉलला टॉवरवरून ठिकाण कळतं तसं कळेलच याचा भरवसा नसतो.

पावसाळ्यासाठी वीज गेल्यावरची सोय हवीच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली या भागांत वीज बंद होण्याची शक्यता असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने हे दाखवलं आहे. टॉवरची बॅटरी-डिझेल संपलं तरी फायबर शाबूत असेल तर घरातून फोन लागतो, फक्त ओएनटी (फायबरची तार जोडलेला डबा) आणि राऊटरला वीज हवी. बाराशे ते अडीच हजारांचा लिथियम मिनी यूपीएस (वीज गेल्यावर चालवणारी छोटी बॅटरी) दोन ते चार तास काढतो. घेण्याआधी ॲडॉप्टरवरचा आकडा वाचा: बहुतेक उपकरणं १२ व्होल्टची असतात, काही जुने राऊटर ९ व्होल्टचे. ९ च्या राऊटरला १२ दिले तर तो जळू शकतो. ओएनटी आणि राऊटर दोन्ही चालवायचे असतील तर दोन आउटपुट असलेला घ्या, दोघांच्या ॲम्पिअरची बेरीज त्याच्या क्षमतेत बसली पाहिजे. आणि ओएनटी जमिनीलगतच्या बोर्डावर ठेवू नका, छताजवळ खिळ्यावर टांगा.