डोळे शेकायचा मास्क: घ्यावा की नाही

ज्यांचे डोळे दिवसभर चुरचुरतात आणि वर कोरडे म्हणता म्हणता पाणीही वाहतं, त्यांच्यासाठी लिहितेय. माझं ऑफिस फुल एसी, त्यात स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत डोळे लालभडक. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, ते तेल घट्ट झालं की अश्रू लगेच उडून जातात, म्हणून शेक घ्या. रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळून ठेवायचे पण तो मिनिटभरात गार, परत उठा परत बुडवा, वैताग नुसता.

म्हणून हा मण्यांचा मास्क ऑनलाइन मागवला. मायक्रोवेव्हमध्ये थोडा गरम करायचा, आधी मनगटावर लावून बघायचा (हे विसरू नका, पापणीची कातडी फार नाजूक असते), मग दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं. ऊब छान टिकते आणि नंतर बोटाने कडा हलकेच चोळल्या की सकाळचा चिकटपणा बराच कमी होतो. पट्टीचं वेलक्रो मात्र एकदम फालतू, केस अडकतात आणि कड आत्ताच उसवायला लागलीय.

ड्रॉप्स यानं सुटत नाहीत हां, माझे सीएमसी (डोळे ओलसर ठेवणारं कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) 0.5 टक्केवाले चालूच आहेत. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालत असाल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, थोडे महाग पडतात. पाचपैकी साडेतीन, अर्धा वेलक्रोमुळे कापला.