५ एचपी सोलर पंप, दीड वर्ष वापरून सांगतो

सोलर पंप घ्यावा का असं विचारणारे लय झाले म्हणून लिहितो. वावर साडेचार एकर, पंप विहिरीवर, मी १० टक्के भरले (एससी-एसटीला ५ टक्केच), बाकी अनुदान. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रातच्या लाईनसाठी वावरात जाणं बंद झालं, साप, रानडुकरं, थंडी सगळं भोगलंय भाऊ, आता हरभऱ्याचं ओलित दिवसा होते अन् रातचं जेवण घरी. याचेच ५ स्टार.

ऊन जेवढं कडक तेवढं पाणी जास्त, असं लोकायले वाटते. तसं नाही. पॅनलला उजेड पाहिजे, गरमी नाही, २५ डिग्रीच्या वर तापलं की दर डिग्रीमागं ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. राजस्थानात थारच्या वाळवंटात भडल्याला २२४५ मेगावॅटचा सोलर पार्क आहे, तिथं गरमीसोबत वाळूही बसते, म्हणून बिनपाण्याचे रोबोट पॅनल साफ करतात. मी तर आठवड्यातून एकदा सकाळी पॅनल थंड असताना ओल्या फडक्यानं पुसतो, धार लगेच वाढते.

तक्रार सर्व्हिसची. ऐन दुसऱ्या पाण्याच्या वेळी कंट्रोलर (पॅनलच्या विजेवर पंप चालवणारा डबा) बंद पडला अन् कंपनीचा माणूस १९ दिवसांनी आला, हरभरा सुकला, लय जीव जळला. ५ वर्षं दुरुस्ती कंपनीकडेच असते, तक्रार नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. अन् पॅनल बसवायच्या आधी दुपारी ४ वाजता बाभळीची सावली कुठवर येते ते पाहून घ्या.