नवा हार्वेस्टर दोन हंगाम वापरून: सगळं मान्य, पण ड्रमचे फेरे दाखवा

ऐन ऑक्टोबरात, सोयाबीन कडक वाळलेलं असताना, हार्वेस्टरच्या स्क्रीनवर ड्रमचे, म्हणजे शेंगा फोडून दाणे काढणाऱ्या गोल भागाचे, मिनिटाला होणारे फेरे शून्य. ड्रम फिरतोय, टाकीत दाणे पडताहेत आणि बझर काही थांबत नाही. सर्व्हिसवाल्याने फोनवरच निदान केलं: अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला. प्रत्यक्षात प्लॅटफॉर्मखाली उंदराने कुरतडलेली एक वायर निघाली. मल्टिमीटर लावला, सोल्डरचा डाग दिला, वर स्लीव्ह चढवली, अर्ध्या तासात विषय संपला.

फेरे मोजणारा सेन्सर ड्रमच्या शाफ्टवरच्या बोल्टसमोर बसतो, मध्ये जेमतेम २-३ मिमी फट. हादऱ्याने ब्रॅकेटचा नट ढिला झाला, की फट वाढते आणि आकडा नाचायला लागतो. ग्रीस आणि धूळ मिळून त्यावर लपका बसला तरी तेच. त्यामुळे आधी नट आवळा, फडक्याने पुसा, वायर तपासा. नवा भाग मागवण्याची पाळी त्यानंतर.

एवढा आटापिटा फेऱ्यांसाठी का, तर सोयाबीनची डाळ, म्हणजे दाण्याचे दोन तुकडे, तिथेच होते. मळणी यंत्रावर बियाणं काढताना ओलावा १३ टक्क्यांच्या आसपास असेल तर ३०० ते ४०० फेरे, १४ च्या वर असेल तर ४०० ते ५००, हा कृषी विभागाचा जुना सल्ला. हार्वेस्टरचा ड्रम वेगळ्या मापाचा, म्हणून आकडा जसाच्या तसा लागू होत नाही, पण तत्त्व तेच: दाणा जितका कोरडा तितका ड्रम हळू. सकाळी दहिवर असताना बसवलेले फेरे दुपारी दोनला चालत नाहीत. ५०-५० ने उतरवत जा. टाकीतून मूठभर माल काढून १०० दाण्यांत फुटके किती ते मोजा आणि मागे जाऊन भुसकटात न फुटलेल्या शेंगा राहताहेत का तेही बघा.

फेरे उतरवूनही डाळ थांबत नसेल, तर ड्रमला दोष देऊ नका. चाळणी फार बंद ठेवली की चांगला मालही रिटर्नमधून (अर्धवट मळलेला माल परत नेणाऱ्या वाटेने) पुन्हा ड्रमात जातो आणि दुसऱ्या फेरीत फुटतो. दाणे टाकीत चढवणाऱ्या एलिव्हेटरची साखळी ढिली असेल, पट्ट्या झिजल्या असतील, तरी दाणा भरडला जातो.

जुन्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या आणि काड हलवून मागे टाकणारे वॉकर असलेल्या हार्वेस्टरमध्ये स्क्रीनच नाही. फेरे बदलणारी पुली, म्हणजे व्हेरिएटर, स्क्रूने फिरवायचा, तोही ड्रम चालू असतानाच, नाहीतर पट्टा चेपतो. ओल्या काडात पट्टा घसरतो, फेरे पडतात आणि ड्रम जाम होतो. तरीही पहिल्या हंगामानंतर जुन्याचीच बाजू घेतली होती. पट्टा, बेअरिंग, साखळी तालुक्याला मिळते आणि बाभळीखाली बसून दुरुस्ती होते.

हरभऱ्यानंतर मत निम्मं बदललं. नव्याचा ड्रम म्हणजे रोटर, तो दाणा आपटण्यापेक्षा घासून जास्त काढतो, त्यामुळे फूट खरंच कमी. खरी गंमत हायड्रोस्टॅटिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवण्याची. पीक दाट आलं, की लिव्हर मागे ओढून गाडी हळू करता येते, ड्रमचे फेरे तसेच राहतात. जुन्यात तेच काम क्लच-गिअर आणि पट्ट्याशी झगडून. मात्र क्लच प्लेट गावात बदलते. हायड्रोस्टॅटिक पंप गावात उघडायचा नसतो. तिथे तेल आणि फिल्टर यांत काटकसर नको. बाकी कुठे करा.

दाणे सांडण्यात मात्र दोघं सख्खे भाऊ. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीपासून दोन-तीन इंचांवर आणि कटरबार (पीक कापणारी पात्यांची पट्टी) दोन्हींचा १४ फुटी, ताठ. रुंद वरंबा-सरीवर पेरलेलं असेल तर एक टोक वरंब्यावर घासतं, दुसरं अधांतरी. फार खाली घेतलं की ढेकळं आत, दाणा मातकट, आणि आडतीत भाव पाडायला तेवढं पुरतं. पीक आत ओढणारी रील गाडीपेक्षा थोडीच जलद हवी. जास्त फिरवली तर शेंगा कटरबारच्या पुढेच तडकतात. मागे एक चौरस फुटाची चौकट टाकून दाणे मोजा. शंभर दाणे १२ ग्रॅम धरले, तर फुटात एक दाणा म्हणजे एकरी सव्वापाच किलो. चार दिसले की एकवीस किलो गेले. पाती बोथट आहेत का, हे तेव्हा आठवतं.

बियाण्याचा प्लॉट असेल तर दोन्ही हार्वेस्टर नकोत. उगवण किमान ७० टक्के लागते. सालीला गेलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, पण उगवणीत दिसते. तिथे कमी फेऱ्यांवर मळणी यंत्रच बरं.

एकरावर भाड्याने फिरवणार असाल तर नवं घ्या. स्वतःची वीस-पंचवीस एकरं असतील तर चांगलं जुनं बघा आणि वाचलेल्या पैशांतून हातातला टॅकोमीटर घ्या. शाफ्टवर चमकपट्टीचा तुकडा चिकटवायचा, लांबून प्रकाश मारायचा, आकडा समोर. हंगाम संपला की ड्रम, रिटर्न, प्लॅटफॉर्म हवेने झाडून काढा आणि बॅटरीची तार सोडा. आत दाणे उरले की उंदीर येणारच, आणि दाणे संपले की वायरी आहेतच.

जास्तीचा सेन्सर टूलबॉक्समध्ये पडून आहे. हार्नेसच्या कोटेशनला अजून उत्तर दिलेलं नाही.